ट्रॅव्हलरच्या मागच्या बॅटऱ्या का भरत नाहीत

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. २०१२ ची टेम्पो ट्रॅव्हलर, आधीच्या मालकाने फिरतं घर करून घेतलेली, तुम्ही दोघांनी निवृत्तीनंतर विकत घेतली. मागे पलंगाखाली १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, आपल्या घरी असतो तसाच इन्व्हर्टर, टपावर ३३० वॅटचं एक सोलर पॅनेल, कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि पाण्याचा पंप. इंदूरहून महेश्वरला अडीच तास गाडी चालवत पोचता, तरी रात्री दोनच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडायला लागतो आणि फ्रिज बंद पडतो. चौदा महिन्यांपूर्वी दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या होत्या, त्यांचीही आता तीच गत. मेकॅनिक म्हणतो डायनामो बदला, मुलगा म्हणतो लिथियम टाका, आणि तुम्ही विचारताय की ऐकायचं कुणाचं.

आत्ता कुणाचंच नको. काहीही विकत घेण्याआधी एक सकाळ मीटर घेऊन गाडीत बसा. मी इंदूरला देवास नाक्यावर सत्तावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. आधी ट्रक आणि बस, गेली आठ-नऊ वर्षं अशी फिरती घरंही येतात. ट्रॅव्हलर आपल्या शेजारी पीथमपूरलाच बनते, त्यामुळे मूळ गाडीचं वायरिंग आमच्याकडच्या पोरांना पाठ असतं. अडचण बहुतेक वेळा मूळ गाडीत नसतेच. नंतर कुणीतरी मागे जे घर बसवलं, त्याची वीज पुढच्या विजेला कशी जोडली, तिथे असते.

खरा प्रश्न ‘बॅटरी खराब की डायनामो खराब’ असा नाही. वीज तयार होते पुढे इंजिनाशी. ती हवी आहे सहा-सात मीटर मागे, पलंगाखाली. मधल्या वाटेत एक लांब वायर आहे, चार-सहा जोड आहेत, पुढची आणि मागची बॅटरी वेगळी ठेवणारा एक खोका आहे, आणि परतीच्या वाटेवर गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा आहे. या वाटेत व्होल्टेज कुठे सांडतं, हे शोधायचं आहे. ते सापडलं नाही तर नवा डायनामोही पुढेच १४ व्होल्ट देत राहील आणि मागे काही पोचणार नाही.

चौदा महिन्यांत जोडी गेली यावरूनच माझा संशय वाटेवर जातो. शिशाची बॅटरी वापरली की तिच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं, आणि पूर्ण चार्ज केली की ते परत विरघळतं. पण ती आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेलीच राहिली तर सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि मग चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. घरात हीच ट्यूब्युलर चार-पाच वर्षं चालते, कारण तिथे ती दिवसभर लाइनवर असते आणि रोज काठोकाठ भरते. तुमच्या गाडीत ती बहुधा एकदाही काठोकाठ भरलेली नाही. ती उपासमारीने गेली, आणि नवी टाकलीत तर तिलाही तेवढंच खायला मिळेल.

एक सांगायला हवं. गाडी मी पाहिलेली नाही, आणि तुमच्या वर्णनात तीन गोष्टी नाहीत: पुढून मागे येणाऱ्या वायरीची जाडी, मधला खोका डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) आहे की रिलेचा (आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच), आणि सोलरचा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा खोका, कोणत्या जातीचा आहे. उत्तर पुष्कळसं या तिघांवर ठरतं. म्हणून मी निदान सांगत नाही, निदानापर्यंत कसं जायचं ते सांगतो.

मुख्य हत्यारं दोन. एक साधा मल्टिमीटर, आणि एक क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा. क्लॅम्प मीटर घेताना दुकानदाराला दाखवून द्यायला सांगा की तो डीसी अँपिअर मोजतो. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त घरच्या एसी लाइनचा करंट मोजतात. बॅटरीच्या वायरीवर लावले की शून्य दाखवतात, आणि माणसाला वाटतं चार्जिंगच बंद आहे. काम करताना हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. चार्ज होणाऱ्या ट्यूब्युलरमधून हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो, तेव्हा पलंगाखालच्या कप्प्याला बाहेर उघडणारं भोक आहे का तेही याच वेळी बघा. नसेल तर ते आधी करून घ्या. त्याच पलंगावर तुम्ही झोपता.

आता पहिली पायरी, बॅटऱ्यांची. गाडी घरासमोर उभी असताना लाइन लावून पूर्ण एक दिवस-रात्र चार्ज होऊ द्या. मग रात्री सगळं बंद करा, मागचा मेन स्विच खाली करा आणि पहाटे, पॅनेलवर ऊन येण्याआधी मोजा. चार्जिंग नुकतं थांबवलेली बॅटरी खोटा, चढा आकडा दाखवते, म्हणून मधे चार-सहा तास गेलेच पाहिजेत. चांगली भरलेली जोडी १२.४ ते १२.६ दाखवेल. १२.१ च्या आसपास म्हणजे अर्धी. एवढं चार्ज करूनही पहाटे अर्धीच दिसत असेल तर ती चार्ज धरत नाही. मग दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवून वेगवेगळ्या मोजा, आणि हायड्रोमीटरने (बॅटरीच्या पाण्याची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक कप्प्याचं पाणी तपासा. आपल्याकडच्या ट्यूब्युलरला भरल्यावर १.२२ ते १.२५ च्या दरम्यान आकडा येतो. नेमका किती हवा ते बॅटरीवर किंवा तिच्या कागदावर असतं. सहाही कप्पे सारखेच खाली असतील तर उपासमार. पाच ठीक आणि एक ०.०५ ने खाली असेल तर तो कप्पा गेला, आणि तो एकटा शेजारच्या चांगल्या बॅटरीलाही रात्रभर ओढत राहतो. सगळे कप्पे सारखे खाली असतील तर बाहेर काढून, डिस्टिल्ड वॉटर भरून, मोकळ्या हवेत, कमी करंटवर १५-१५.५ व्होल्टपर्यंत नेऊन काही बॅटऱ्या परत येतात. हे दुकानात करून घ्या, गाडीत नको. एवढ्या व्होल्टेजला फ्रिजचं आणि पंख्यांचं सर्किट जळू शकतं. आणि सगळ्याच परत येतात असं मी म्हणणार नाही.

आता दुसरी पायरी, आणि सगळा मुद्दा हाच आहे. आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं. तिथे पंपाशी दाब भरपूर असतो, पण तुमच्या नळाला किती येतो ते मधल्या पाइपांवर ठरतं. सगळ्यांनी नळ बंद ठेवले तर टोकालाही दाब चांगला दिसेल. सकाळी सगळ्या गल्लीने एकदम नळ उघडले की बारीक पाइपाचं खरं रूप कळतं. वायरीचं अगदी तसंच. करंट वाहत नसताना दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखंच दिसतं, आणि इथेच बहुतेक मेकॅनिक फसतात. मागच्या बॅटऱ्या भरलेल्या असताना मोजतात, १४ दिसतात, आणि ‘वायरिंग ओके’ म्हणून मोकळे होतात. म्हणून चाचणी रिकाम्या बॅटरीवरच घ्यायची. आदल्या रात्री पंखे-फ्रिज चालवून जोडी निम्म्यावर आणा. सकाळी इंजिन सुरू करा, थोडी रेस द्या, आणि तीन आकडे लिहा: पुढच्या बॅटरीच्या खांबांवर किती व्होल्ट, मागच्या बॅटरीच्या खांबांवर किती, आणि मधल्या वायरीवर क्लॅम्प लावून किती अँपिअर. क्लिपांवर नाही, शिशाच्या खांबांवर टोचा. क्लिप आणि खांब यांच्यातला गंजही मोजण्यात यायला हवा.

पुढे १४.२ आणि मागे १३.९-१४, क्लॅम्पवर ३०-४० अँपिअर, असं आलं तर तुमची वाट स्वच्छ आहे आणि माझा अंदाज चुकला. पण पुढे १४.२, मागे १३ आणि क्लॅम्पवर फक्त १०-१२ अँपिअर असं येईल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

का ते हिशेबाने दाखवतो, कारण हा हिशेब समजला की दुकानदार काय सांगतोय ते तुम्हालाच तोलता येईल. अशा गाड्यांत पुढून मागे बऱ्याचदा ६ चौरस मिमीची वायर टाकलेली सापडते. घराच्या एसीला चालते म्हणजे इथेही चालेल, असा समज. घरी २३० व्होल्टमधून एक व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. इथे १४ मधून एक गेला की चार्जिंगच संपलं. ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ३.३ मिलिओहम. सात मीटरचे झाले २३. त्यातून ४० अँपिअर नेऊ म्हटलं तर ०.९ व्होल्ट वायरीतच जातात. त्यात मधला खोका डायोडचा असेल तर तो स्वतःचे ०.६-०.७ खातो. १४.२ मधून हे दोन्ही वजा केले की उरतात १२.६. बॅटरीला भरायला १४.४ च्या आसपास हवेत. म्हणजे ४० अँपिअर कधी वाहणारच नाहीत. जोडांचं आणि परतीच्या वाटेचं नुकसानही धरलं की करंट आपोआप घटत घटत दहा-बारावर येऊन थांबतो. अडीच तासांच्या प्रवासात जेमतेम २५-३० एएच मिळाले, आणि लागणार होते त्याच्या कितीतरी पट. हीच वायर ३५ चौरस मिमीची केली तर ४० अँपिअरला जेमतेम ०.१६ व्होल्ट जातात.

वायर घेताना एक काळजी घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची वायर जाड दिसते आणि स्वस्त मिळते. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. चांगल्या तांब्याची वेल्डिंग केबल या कामाला उत्तम, लवचीक असते आणि गाडीच्या थरथराटाला तुटत नाही. तिच्या टोकाचे लग (बोल्टला अडकवायच्या धातूच्या टोप्या) हातोडीने चेपलेले नकोत, हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या. आणि या वायरीला दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात, फ्यूज हवाच. दोन्हीकडे बॅटरी आहे, म्हणजे मधे कुठे वायर घासून चासीला लागली तर दोन्हीकडून आग लागते. फ्यूज नसलेल्या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा मी बाकीचं काम थांबवून आधी तो बसवतो.

परतीच्या वाटेचं आता. वायरीचा विचार सगळे करतात, अर्थचा, म्हणजे चासीला जोडलेल्या निगेटिव्हचा, कुणी करत नाही. २०१६ साली उज्जैनचे एक गृहस्थ असंच दुखणं घेऊन आले. मीही घाईत होतो, डायनामो जुना दिसला, बदलून दिला. महिन्याने ते परत आले, तक्रार जशीच्या तशी. तेव्हा मी शांतपणे मोजायला बसलो. पुढे १४.२, मागे १३. मग दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या: पुढच्या पॉझिटिव्ह खांबापासून मागच्या पॉझिटिव्ह खांबापर्यंत ०.३ व्होल्ट, आणि पुढच्या निगेटिव्हपासून मागच्या निगेटिव्हपर्यंत ०.९. म्हणजे तीन चतुर्थांश नुकसान परतीच्या वाटेवर होतं. मागच्या बॅटरीचा अर्थ चासीवर रंगाच्या थरावरच बोल्टने आवळलेला होता, आणि इंजिन ते चासीची जुनी अर्थची पट्टी अर्धी तुटलेली. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकून आवळलं, वर व्हॅसलिन लावलं, इंजिनाची पट्टी नवी घातली, आणि वायर दोन्ही बाजूंनी ३५ ची केली. रिकाम्या बॅटरीवर क्लॅम्पने सुरुवातीलाच ४२ अँपिअर दाखवले. त्यांच्या डायनामोचे पैसे मी परत केले, कारण तो बदलायची गरजच नव्हती. तेव्हापासून मोजल्याशिवाय डायनामोला हात लावायचा नाही, हा माझ्या दुकानाचा नियम आहे.

हे वेगळं मोजणं तुम्हालाही जमेल. मीटरची तार पुढून मागे पोचत नाही म्हणून लोक सोडून देतात. कुठलीही बारीक दहा मीटर वायर जोडून तार लांबवा. मीटरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे बारीक वायरीने आकडा बिघडत नाही. इंजिन सुरू, रिकामी बॅटरी, एक टोक पुढच्या खांबावर, दुसरं मागच्या त्याच जातीच्या खांबावर. प्रत्येक बाजूला ०.२ च्या आत यायला हवं. जास्त आलं तर मधे एकेक जोड टोचत पुढे सरका. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो, तो चोर.

मधल्या खोक्याचंही तसंच मोजा, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या बोल्टमध्ये. रिले असेल आणि ०.१ पेक्षा जास्त दिसत असेल तर त्याचे संपर्क जळलेत. डायोडवाला असेल तर तो काढाच. त्याऐवजी व्होल्टेज बघून जोडणारा रिले बसवा. तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. तो आधीपासूनच असेल आणि गाडी चालू असताना टक-टक जोडत-सोडत असेल तर दोष रिलेचा नसतो, बारीक वायरीचा किंवा अर्थचा असतो.

आता मेकॅनिकचं म्हणणं कधी खरं ठरेल तेही सांगतो, त्यांच्यावर अन्याय नको. पुढच्या बॅटरीवरच, इंजिन रेसवर असताना आणि हेडलाइट लावून, १३.८ पेक्षा कमी येत असेल तर दोष पुढे आहे. आधी पट्टा बघा, सैल आणि चकाकी आलेला पट्टा भाराला घसरतो. मग डायनामोच्या जाड बोल्टपासून पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत तोच ०.२ चा नियम लावा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो का? जुन्या डायनामोंना सुरुवातीची चेतना त्याच दिव्यातून मिळते, आणि कित्येकदा फक्त तो बल्ब उडालेला असतो. शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या खांबांवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर आतला डायोड गेला असावा. तेव्हा जरूर बदला. तुमच्या गाडीची पुढची बॅटरी चौदा महिन्यांत एकदाही बसली नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला तरी डायनामो निर्दोष वाटतो.

इथवर पुढून येणाऱ्या विजेचं झालं: आधी बॅटरी, मग रिकाम्या बॅटरीवर दोन्ही टोकं, मग अर्थ, खोका, आणि डायनामो सगळ्यात शेवटी. पण वाट अगदी स्वच्छ झाली तरी नुसत्या प्रवासावर शिशाची बॅटरी पूर्ण भरत नाही, हेही लक्षात घ्या. पहिले ८० टक्के ती पटापट घेते, शेवटचे २० टक्के घ्यायला चार-सहा तास लावते, आणि तेवढा वेळ तुम्ही सलग गाडी चालवत नाही. हे शेवटचं सावकाश भरणं सोलरचं काम आहे. म्हणून पॅनेल नीट चालणं तुमच्यासाठी डायनामोइतकंच महत्त्वाचं.

आणि पॅनेलबद्दल मला मोठी शंका आहे. ३३० वॅटचं पॅनेल म्हणजे बहुधा ७२ सेलचं, घराच्या गच्चीवरचं. ते सुमारे ३७ व्होल्टला ९ अँपिअर देतं. त्याला साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं तर कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो, आणि अँपिअर तेवढेच राहतात. १३ गुणिले ९, झाले ११७ वॅट. बाकी दोनशेहून जास्त वॅट टपावरच राहिले, रोज, गाडी घेतल्यापासून. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो. तापलेल्या, आडव्या टाकलेल्या पॅनेलवरही दुपारी १७-१८ अँपिअर मिळायला हरकत नाही. दिवसाच्या हिशेबात ३५ एएचचे ७५ होतात. कंट्रोलरवर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं लिहिण्यावर जाऊ नका. एमपीपीटी छापलेले पण आतून साधे असलेले कंट्रोलरही मिळतात. भर दुपारी, बॅटरी निम्मी असताना, पॅनेलकडून येणाऱ्या आणि बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीवर क्लॅम्प लावा. दोन्हीकडे सारखेच अँपिअर आले तर तो पीडब्ल्यूएम. बॅटरीकडे जवळपास दुप्पट आले तर खरा एमपीपीटी. उन्हाळ्यात तुम्ही गाडी झाडाखाली लावत असणार, आणि ते चुकीचं नाही, पण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज तेवढ्याच कोपऱ्यापुरती घटत नाही, कितीतरी जास्त घटते.

कंट्रोलरमध्ये बॅटरीची जात ट्यूब्युलर किंवा फ्लडेड अशी निवडा, जेल नको. आणि त्याला तापमान मोजणारी वायर असेल तर तिचं टोक बॅटरीला चिकटवा. मे महिन्यात पलंगाखाली ४२-४५ अंश होतात. २५ अंशांसाठी ठरवलेले १४.४ व्होल्ट तिथे जास्त ठरतात. दर अंशाला साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्ट कमी करायला हवेत. नाहीतर पाणी भराभर आटतं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी बघत जा.

ढाब्यावर किंवा धर्मशाळेत लाइन लावता तेव्हाचं आता. घरगुती इन्व्हर्टर बहुधा १०-१५ अँपिअरने चार्ज करतो, म्हणजे रिकामी जोडी भरायला वीस ते तीस तास. रात्री आठ तास लावून ती अर्धीही होणार नाही, हे आधी मनाशी धरा. पण त्याहून वाईट एक गोष्ट घडते, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे किंवा समोर एक बटण असतं, यूपीएस आणि इको असं. यूपीएसवर तो साधारण १८० व्होल्टच्या खालची लाइन स्वीकारतच नाही. इकोवर शंभर-सव्वाशेपर्यंत चालवून घेतो. महामार्गावरच्या ढाब्यात संध्याकाळी सगळे फ्रीझर चालू असतात आणि तुमच्यापर्यंत बारीक एक्स्टेंशनची वायर आलेली असते. मीटर लावला तर १७० दिसतील. बटण यूपीएसवर असेल तर इन्व्हर्टर म्हणतो लाइन नाहीच, आणि रात्रभर बॅटरीवर चालतो. तुम्ही निवांत झोपता की चार्जिंग लावलंय. माझ्याकडे आलेल्या निदान तीन गाड्यांत मुख्य दुखणं एवढंच निघालं. बाहेरून लाइन घेता त्या जागी आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. पत्र्याची गाडी, ओली जमीन आणि अनोळखी ठिकाणचं अर्थिंग, यात त्याच्याशिवाय राहू नका.

विजेच्या खर्चाची बाजूही एकदा कागदावर मांडा. निमाडातली उन्हाळी रात्र इंदूरसारखी नसते, महेश्वरला फ्रिजचा कॉम्प्रेसर निम्म्याहून जास्त वेळ चालतो. दिवसाला ५० एएच धरा. पंखे घरचे ७५ वॅटचे असतील तर इन्व्हर्टरमधून प्रत्येकी सात अँपिअर ओढतात, दोन पंखे नऊ तास म्हणजे १२५ एएचच्या वर. तेच १२ व्होल्टचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे थेट बॅटरीवर लावले तर ४०-४५ मध्ये भागतं. आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काही नसलं तरी तो एक अँपिअरच्या आसपास खातो. चोवीस तासांचे २४ एएच, म्हणजे अर्ध्या फ्रिजएवढे. नव्या जोडीतूनसुद्धा रोज १५० एएचपेक्षा जास्त काढू नये. तुमचा आजचा खर्च बहुधा दोनशेच्या पलीकडे आहे. पंखे बदलणं हे या यादीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर जाणवणारं काम आहे.

एक गळती मात्र मोजायलाच हवी. सगळं बंद करून, मागच्या बॅटरीची निगेटिव्ह सोडवून, मधे मीटर १० अँपिअरवर लावा. वायर सोडवलेली असताना आणि मीटर मधे असताना चुकूनही इन्व्हर्टर किंवा पंप चालू करू नका, मीटर जळेल. ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ एएच गेले. एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघा. पावसाळ्यानंतर उभ्या गाडीत उंदरांनी सोललेल्या वायरी मी दरवर्षी बघतो, तेव्हा पलंगामागे टॉर्च मारून नजरही टाका.

मुलाच्या लिथियमबद्दल. ते चांगलं आहे, हलकं आहे, आणि भराभर भरतं. पण भराभर भरतं हीच जुन्या गाडीत अडचण आहे. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढतं, आणि डायनामो गरम होऊन जळू शकतो, म्हणून मधे करंटला लगाम घालणारा डीसी ते डीसी चार्जर लावावाच लागतो. घरगुती इन्व्हर्टरचं आणि सोलरचं सेटिंगही त्याला जुळायला हवं. आज आहे त्या वायरी-अर्थवर लिथियम टाकलंत तर तेही रिकामंच राहील, फक्त महाग रिकामं. वाट स्वच्छ करा, एक उन्हाळा ट्यूब्युलरवर काढा, मग बजेट बघून ठरवा. मोठा डायनामो तर मला आत्ता मुळीच नको वाटतो. आहे त्याच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ६०-७० असतील तरी तुमच्या दोन बॅटऱ्यांना पुरे आहेत.

नव्या बॅटऱ्या घ्यायची वेळ आलीच तर सगळी दुरुस्ती झाल्यावर घ्या, दोन्ही एकाच दिवशी, एकाच मापाच्या. एक जुनी एक नवी नको. आणि जोडताना पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून, निगेटिव्ह दुसरीवरून काढा, म्हणजे दोघी सारख्या भरतील आणि सारख्या झिजतील.

मोजणी झाली की मला एवढं कळवा: पहाटेचे दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे व्होल्ट, रिकाम्या बॅटरीवर इंजिन चालू असताना पुढचे आणि मागचे व्होल्ट, मधल्या वायरीचे अँपिअर, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बाजूंचे वेगळे आकडे. वायरीवर छापलेला आकडा आणि सोलर कंट्रोलरचा फोटोही. त्यावरून काय बदलायचं ते नेमकं सांगता येईल. इन्व्हर्टरचं ते बटण यूपीएसवर आहे की इकोवर, एवढं मात्र आज रात्रीच बघून घ्या.